सगळ्यांचं डेक्स १६, सगळ्यांचं इंट ८: अ‍ॅट्रिब्यूटचा बिघडलेला तोल कसा दुरुस्त करायचा

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारखे फाशांचे भूमिका-खेळ खेळणाऱ्यांना ही तक्रार ओळखीची आहे. नवं कॅम्पेन (अनेक बैठकांत चालणारी मोहीम) ठरतं, खेळाडू आपापल्या पात्राची शीट भरून आणतात, आणि चार-पाच शीट शेजारी ठेवल्या की फरक शोधावा लागतो. डेक्स्टेरिटी (डेक्स, चपळाई) १४ ते १६, कॉन्स्टिट्यूशन (कॉन, काटकपणा) १४, इंटेलिजन्स (इंट, बुद्धी) ८. फायटर, म्हणजे लढवय्या, सोडला तर स्ट्रेंथही (ताकद) ८, आणि फायटरने धनुष्य घेतलं असेल तर त्याचीसुद्धा ८. डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, वैतागतो आणि पात्राचे हे मूळ गुण, म्हणजे अ‍ॅट्रिब्यूट नव्याने रचायला बसतो. डेक्सचे दोन तुकडे करतो, ‘नशीब’ नावाचा सातवा रकाना वाढवतो, नावं मराठीत आणतो. काही महिन्यांनी तीच तक्रार परत येते, फक्त रकान्याचं नाव वेगळं असतं.

दुरुस्ती भलत्याच ठिकाणी होते म्हणून बिघाड परत येतो. खेळाडू अ‍ॅट्रिब्यूटचं नाव बघून आकडा ठेवत नाही, त्या आकड्यातून पदरात काय पडतं ते बघून ठेवतो. त्यामुळे नावं आणि संख्या यांना हात लावण्याआधी कामांची वाटणी तपासायची. खालचे आकडे डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४च्या पाचव्या आवृत्तीतले आहेत. तुम्ही दुसरी सिस्टिम खेळत असाल तर आकडे बदलतील, तपासणीची पद्धत तीच राहील.

आधी तपासणी

दोन गोष्टी करा. पहिली सोपी आहे: सगळ्यांच्या शीटवर सगळ्यात कमी आकडा कुठे ठेवलाय ते बघा. प्रत्येकाचा ८ वेगवेगळ्या ठिकाणी असेल तर तुमचा तोल बरा आहे, उगाच हात लावू नका. सगळ्यांचे ८ एकाच रकान्यात गोळा झाले असतील तर त्या रकान्यात काम नाही, आणि खेळाडूंनी ते बरोबर ओळखलंय. त्यांना ‘पॉवरगेमर’ (आकड्यांसाठीच खेळणारे) म्हणून नावं ठेवण्यात अर्थ नाही.

दुसरी तपासणी डीएमची. पुढच्या तीन-चार सेशनमध्ये एक कागद बाजूला ठेवा आणि तुम्ही स्वतः कुठल्या अ‍ॅट्रिब्यूटवर फासे टाकायला सांगता याच्या रेघा मारत जा. नुसती संख्या पुरत नाही. रेघेशेजारी एक खूण करा: हुकलं तर काय गेलं? वेळ, पैसा, माहिती, की जीव? दहा वेळा हिस्टरी (इतिहासाचं ज्ञान) विचारली आणि हुकल्यावर ‘बरं, तुला आठवत नाही’ एवढंच झालं, तर त्या दहा रेघांची किंमत एका डेक्स सेव्हएवढीही, म्हणजे डेक्सवर संकट चुकवायच्या एका फाशाएवढीही, नाही.

हा कागद भरला की बऱ्याच डीएमना कळतं की अर्धा दोष पुस्तकाचा आहे आणि अर्धा सवयीचा. पुस्तकातला दोष असा: अठरा स्किल्सपैकी (कौशल्यांपैकी) विस्डमकडे (समज, सावधपणा) पाच, इंटकडे पाच, करिष्माकडे (छाप पाडणं) चार, डेक्सकडे तीन, स्ट्रेंथकडे एकटं अ‍ॅथलेटिक्स आणि कॉनकडे शून्य. नुसत्या स्किल्सवरून डेक्स मध्यम वाटतं. पण डेक्सची खरी मिळकत स्किल्सबाहेर आहे: आर्मर क्लास (शत्रूचा वार चुकवायचा आकडा), इनिशिएटिव्ह (लढाईत आधी कोण), फायरबॉलपासून ड्रॅगनच्या आगीपर्यंत सगळीकडे मागितला जाणारा डेक्स सेव्ह, धनुष्याचा नेम, धनुष्याची इजा, फिनेस हत्याराचा (रेपियर, खंजीर अशी चपळ हत्यारं) नेम आणि इजा, वर कुलूप उघडणं. स्ट्रेंथच्या वाट्याला मोठी हत्यारं, जड चिलखत आणि ढकलाढकली.

मग मोठ्या हत्यारासाठी तरी स्ट्रेंथ घ्यावी ना? हिशेब करू. डेक्स २० आणि स्टडेड लेदर: आर्मर क्लास १७, चिलखताची किंमत ४५ सोन्याची नाणी. प्लेट: आर्मर क्लास १८, किंमत १५००, स्ट्रेंथ १५ हवी, आणि लपताना दोन फाशांतला वाईट धरायचा, म्हणजे डिसअ‍ॅडव्हान्टेज. हत्यारांत रेपियर आणि लाँगस्वर्ड दोघांचा डी८ (आठ बाजूंचा एक फासा). ग्रेटस्वर्डचे २डी६ म्हणजे सरासरी ७ विरुद्ध ४.५, म्हणून अडीचचा फायदा. एवढ्यासाठी इनिशिएटिव्हचे पाच, डेक्स सेव्हचे पाच आणि १५० फुटांवरून तेवढ्याच ताकदीने मारण्याची सोय सोडून द्यायची. कोण सोडेल?

नवा रकाना घालून का भागत नाही

हे प्रयोग मूळ कंपनीने स्वतः करून पाहिलेत. १९८५च्या पुरवणी पुस्तकात ‘कमलीनेस’, म्हणजे रूप, असं सातवं अ‍ॅट्रिब्यूट आलं. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीच्या मूळ नियमांत ते नव्हतं. रूपाला वेगळं काम नव्हतं, करिष्माचंच थोडं काम उसनं घेतलेलं होतं. १९९५मध्ये उलटा प्रयोग झाला. सहाही अ‍ॅट्रिब्यूटचे प्रत्येकी दोन तुकडे केले: स्ट्रेंथचे मसल आणि स्टॅमिना, डेक्सचे एम आणि बॅलन्स, वगैरे. दोन तुकड्यांत चारापर्यंत फरक ठेवायची मुभा होती. आता स्ट्रेंथ १६ असलेल्या फायटरने काय केलं असेल? मसल १८, स्टॅमिना १४. मारताना मसल लागतो, ओझं वाहताना स्टॅमिना, आणि ओझं कुणी मोजतच नाही. एका रकान्यात लपलेला फुकटचा भाग वेगळा काढून खेळाडूच्या हातात दिला, दुसरं काही झालं नाही.

तुकडे करायचेच असतील तर अट एकच: दोन्ही तुकडे तुमच्या रेघांच्या कागदावर साधारण सारखे यायला हवेत. तसे दोन तुकडे मला तरी अजून कुठल्या शीटवर दिसलेले नाहीत.

धनुष्य: सगळ्यात मोठी गळती इथे

तिसऱ्या आवृत्तीत, म्हणजे २०००मध्ये, बाणाच्या इजेत डेक्स मिळवत नसत. नेम डेक्सचा, आणि इजेत भर घालायची तर जास्त ताणाचं खास कॉम्पोझिट धनुष्य घेऊन स्ट्रेंथ वापरायची. पाचव्या आवृत्तीपर्यंत दोन्ही कामं डेक्सकडे गेली. सोपं झालं हे खरं, पण स्ट्रेंथचा एक मोठा ग्राहक तिथेच तुटला.

वास्तवाचा आधार हवा असेल तर तो स्ट्रेंथच्याच बाजूने आहे. १५४५मध्ये बुडालेल्या आणि १९८२मध्ये वर काढलेल्या मेरी रोझ या इंग्रज युद्धनौकेवर जी धनुष्यं सापडली, ती ताणायला शंभर पौंडांहून जास्त जोर लागत असावा असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आपल्याकडे तर दोन स्वयंवरांत ही वाटणी करूनच ठेवली आहे. सीतेच्या स्वयंवरात शिवधनुष्य पेलायला बळ लागलं, द्रौपदीच्या स्वयंवरात माशाचा डोळा टिपायला नेम लागला.

म्हणून पहिला बदल: धनुष्याचा नेम डेक्सवर, इजा स्ट्रेंथवर. नेमावर डेक्स तसंच ठेवल्यामुळे तिरंदाज चपळच राहतो, पण ८ स्ट्रेंथचा तिरंदाज आता हलके बाण मारतो.

इथे थांबून परिणाम मोजा, नाहीतर पुढच्याच सेशनला टेबलावर भांडण होईल. डेक्स २० आणि स्ट्रेंथ ८ असलेल्या तिरंदाजाची लाँगबोने सरासरी इजा साडेनऊवरून साडेतीनवर येते. पाचव्या लेव्हलला त्याचे दोन बाण मिळून सात होतात, आणि शेजारचा विझर्ड, म्हणजे मांत्रिक, फुकटच्या फायर बोल्टने २डी१०, म्हणजे ११ काढतो. हे फारच झालं. दोन उपाय जोडीला द्या. एक, ऋण मॉडिफायर, म्हणजे कमी आकड्यामुळे फाशातून होणारी वजाबाकी, बाणाला लावू नका. दोन, क्रॉसबोला स्ट्रेंथची गरज नाही, त्याची इजा नुसत्या फाशाची. हेवी क्रॉसबोचा डी१० म्हणजे साडेपाच, पण एका वेळी एकच बाण. कमकुवत माणसासाठी क्रॉसबो आणि जोरकस माणसासाठी धनुष्य, ही वाटणी कुणालाही समजावून सांगावी लागत नाही. स्ट्रेंथ १४ ठेवणाऱ्या तिरंदाजाचे दोन बाण १३ काढतात आणि तो पुन्हा विझर्डच्या पुढे जातो.

रेंजरची (रानातला शिकारी-योद्धा) मात्र यात ओढाताण होते, त्याला डेक्स, विस्डम आणि आता स्ट्रेंथही हवी. त्याला पॉइंट-बायमध्ये (ठरावीक पॉइंट खर्चून आकडे घेण्याच्या पद्धतीत) दोन-तीन पॉइंट जास्त देऊन टाका.

रेपियर आणि खंजिराच्या इजेला हात लावू नका. रोगची, म्हणजे चोरट्या क्लासची, खरी इजा स्नीक अटॅकच्या (गाफील शत्रूवरच्या वाराच्या) फाशांतून येते, त्याला फरक पडणार नाही. फटका बसेल तो मंकला (हातापायांनी लढणारा भिक्षू), आणि मंकविषयी कुणाची तक्रार नव्हती. पाथफाइंडर या तशाच खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीने २०१९मध्ये फिनेस हत्याराचा नेम डेक्सवर आणि इजा स्ट्रेंथवर ठेवली, फक्त थीफ पद्धतीच्या रोगला सूट दिली. पण तिथे सगळी गणितं पहिल्यापासून तशी बांधलेली आहेत, चालू गाडीत तो पुर्जा बसवणं अवघड जातं.

इनिशिएटिव्ह कुठल्याच गुणाला नको

दुसरा बदल म्हणून बरेच जण इनिशिएटिव्ह डेक्सकडून काढून विस्डमला देतात. पाथफाइंडरमध्येही ते साधारणपणे परसेप्शनवर (आसपास काय आहे ते जाणवण्यावर) चालतं. पाचव्या आवृत्तीत हे करू नका. विस्डमकडे आधीच परसेप्शन आहे, मनावर ताबा मिळवणाऱ्या मंत्रांविरुद्धचे सेव्ह आहेत, तिला आणखी मोठं करून काय मिळवणार? इंटला द्यावं तर विझर्ड सगळ्यांच्या आधी येतो, आणि आपले फायटर शत्रूला भिडायच्या आत फायरबॉल टाकायला मैदान मोकळं मिळतं. हे ऐकायला साधं वाटतं, खेळताना पूर्ण लढाईचा बाज बदलतो.

माझं मत: डी२० अधिक प्रोफिशिएन्सी बोनस (लेव्हलबरोबर वाढणारी भर), बस्स. कुठलंही अ‍ॅट्रिब्यूट नाही. राक्षसांचंही डेक्स काढून टाका. ज्या क्लासला किंवा फीटला (खास हातखंड्याला) इनिशिएटिव्हचा खास फायदा आहे तो तसाच राहू द्या, उलट त्याची किंमत वाढते. याहून झटपट हवं असेल तर दोन्ही बाजूंनी एकेक डी६ टाकायचा आणि मोठा आकडा येईल ती बाजू आधी, ही जुनी पद्धत आहेच. मोठ्या पार्टीला ती छान चालते. चार लोकांच्या टेबलावर मात्र एक वाईट फासा अख्खी पार्टी आडवी करू शकतो.

ओझं: छापील नियम का चालत नाही

स्ट्रेंथला काम द्यायचं म्हटलं की सगळ्यांना ओझं आठवतं. मूळ नियमात स्ट्रेंथच्या १५ पट पौंड उचलता येतात. स्ट्रेंथ ८ म्हणजे १२० पौंड, साधारण ५४ किलो. ही मर्यादा कुणालाच लागत नाही, म्हणून कुणी मोजत नाही.

मग पुस्तकातलाच पर्यायी नियम घेतात: पाचपटीच्या वर ओझं गेलं की वेग १० फुटांनी कमी, दहापटीच्या वर २० फुटांनी कमी आणि स्ट्रेंथ, डेक्स, कॉनच्या प्रत्येक फाशाला डिसअ‍ॅडव्हान्टेज. आता आपला तिरंदाज तोलून बघू. स्टडेड लेदर १३ पौंड, रेपियर २, लाँगबो २, भाता आणि वीस बाण मिळून २, एक्सप्लोरर्स पॅकमधलं सगळं सामान ५९. बेरीज ७८. स्ट्रेंथ ८ म्हणजे पाचपट ४०, दहापट ८०. वेग १० फुटांनी कमी. त्याने पाच पौंडांची पहार उचलली की ८३, आणि त्याचा नेमही गेला. झकास, असं वाटतं.

आता स्ट्रेंथ १६चा फायटर तोला. प्लेट ६५, ग्रेटस्वर्ड ६, तोच पॅक ५९. बेरीज १३०, आणि त्याची पाचपट ८०. त्याचाही वेग १० फुटांनी कमी! स्ट्रेंथवर पॉइंट-बायचे नऊ पॉइंट आणि वर वंशाचा बोनस खर्च करून त्याच्या पदरात तिरंदाजाएवढाच दंड पडला. हा नियम लावून ‘काही फरक पडला नाही’ म्हणणारे डीएम खोटं बोलत नसतात.

पौंड सोडून खाने मोजा. जेवढी स्ट्रेंथ तेवढे खाने. अंगातलं हलकं चिलखत १ खाना, मध्यम २, जड ३. दोन हातांचं हत्यार २, एका हाताचं १. भाता बाणांसकट १. दोर १, पाणी १, अंथरूण १, पाच मशालींचा १, तीन दिवसांच्या शिध्याचा १, दोनशे नाण्यांचा १. चकमक, ताटली असलं किरकोळ सामान मोजायचं नाही. आता तिरंदाजाचं चिलखत १, धनुष्य २, भाता १, रेपियर १, आणि दहा दिवसांचा शिधा, दहा मशाली, दोर, पाणी, अंथरूण मिळून ९. एकूण १४. फायटरचं चिलखत ३, ग्रेटस्वर्ड २, तेच सामान ९. एकूण तेही १४. एकाकडे खाने ८, दुसऱ्याकडे १६. तिरंदाजाने काहीतरी मागे ठेवायचं किंवा फायटरला ‘भाऊ, माझा शिधा घे’ म्हणायचं. स्ट्रेंथवाल्याकडे पार्टीतलं कुणीतरी काहीतरी मागायला येतंय, हीच खूण बघायची होती.

यावर खेळाडू आठ नाण्यांचं खेचर विकत घेतील. घेऊ द्या. खेचर भुयारात शिडी उतरत नाही, आणि त्याच्याजवळ कुणाला ठेवायचं हा प्रश्न चांगल्या सेशनची सुरुवात असतो. बॅग ऑफ होल्डिंग, म्हणजे ढीगभर सामान मावणारी जादूची पिशवी, मात्र हा नियम एका फटक्यात मारते. ती द्यायचीच असेल तर उशिरा द्या.

परसेप्शन, आणि डीएमची जीभ

तुमच्या रेघांच्या कागदावर सगळ्यात लांब रांग बहुधा परसेप्शनची असेल. खोलीत शिरले, परसेप्शन. पत्र उघडलं, परसेप्शन. ज्या जागी इन्व्हेस्टिगेशन मागायला हवं तिथेही तोंडातून परसेप्शनच निघतं. इंट ओस पडण्याचं मोठं कारण ही जीभ आहे. साधा भेद ठरवून ठेवा: काहीतरी आहे हे जाणवणं परसेप्शन, ते काय आहे आणि कसं चालतं हे ताडणं इन्व्हेस्टिगेशन. फरशीची एक लादी थोडी वर आहे हे विस्डमला दिसेल, पण तिच्यावर पाय ठेवला तर भिंतीतून काय येईल हे इंटला कळेल. एवढं पाळलंत तर नियम बदलायची गरजही कदाचित पडणार नाही.

पाळणं जमत नसेल तर परसेप्शन सरळ इंटकडे हलवा. शीटवर एका ओळीची खाडाखोड आहे. विस्डमकडे इनसाइट, सर्व्हायव्हल आणि सगळे जीवघेणे सेव्ह उरतात, ती उपाशी मरत नाही. राक्षसांचं पॅसिव्ह परसेप्शन (फासा न टाकता धरायचा आकडा) छापलंय तसंच वापरा, प्रत्येकाचं पुन्हा काढत बसू नका. विस्डमवर चालणारे क्लेरिक आणि ड्रुइड कुरकुर करतील. पार्टीचे पहारेकरी तेच का असावेत, हे त्यांना विचारा.

इंटच्या प्रत्येक धन मॉडिफायरमागे एक जास्तीची भाषा किंवा एक हत्यार-अवजाराचं कौशल्य द्यायची युक्तीही चांगली आहे. पण ते सगळं पहिल्या दिवशीच मिळून जातं. पाचव्या सेशनला त्याची आठवण कुणाला राहत नाही, त्यामुळे एकट्याने ती पुरत नाही.

कॉन्स्टिट्यूशन: हा कर आहे, तो कापून घ्या

कॉनची तक्रार उलटी आहे. तिथे कुणी ८ ठेवत नाही. कुणी स्किल म्हणून वापरत नाही, कुणी तिच्याविषयी बोलत नाही, आणि प्रत्येक शीटवर १४ असतात. ज्या रकान्यात सगळे एकच आकडा भरतात तो रकाना निवड राहत नाही.

काढून टाकायचा असेल तर हिशेब सरळ आहे. पॉइंट-बायच्या २७ पॉइंटमधले ७ पॉइंट १४ साठी जातात. सगळ्यांना प्रत्येक लेव्हलला २ हिट पॉइंट (जीव मोजायचे पॉइंट) आपोआप द्या आणि उरलेल्या पाच अ‍ॅट्रिब्यूटसाठी २० पॉइंट ठेवा. विष, आजार, थकवा यांचे सेव्ह स्ट्रेंथकडे. इंटू द ऑड या खेळात स्ट्रेंथ, डेक्स आणि विल अशी तीनच अ‍ॅट्रिब्यूट आहेत. हिट पॉइंट संपल्यावरची इजा थेट स्ट्रेंथमधून वजा होते, आणि स्वतंत्र कॉनची उणीव जाणवत नाही.

पण पाचव्या आवृत्तीत याचे धागे खोल गेलेत, तेवढे सोडवावे लागतील. प्रत्येक क्लासला एक जोरदार आणि एक नावापुरता सेव्ह मिळतो. डेक्स, कॉन, विस्डम हे जोरदार, बाकी तीन नावापुरते. फायटर आणि बार्बेरियनचे सेव्ह स्ट्रेंथ आणि कॉन, ते आता एकच झाले, म्हणून त्यांना इंट किंवा करिष्मा यांतला एक निवडू द्या. मंक आणि रेंजरकडे स्ट्रेंथ आणि डेक्स असे दोन जोरदार सेव्ह येतात. रेंजरला ते लाभू दे, वर धनुष्यात त्याचं नुकसान झालंच आहे. बार्बेरियनच्या उघड्या अंगाच्या आर्मर क्लाससाठी १३ अधिक डेक्स हे सूत्र लावा. उरला प्रश्न कॉन्सन्ट्रेशनचा, म्हणजे मार खातानाही मंत्र चालू ठेवण्याच्या फाशाचा. ते मंत्राच्याच अ‍ॅट्रिब्यूटवर ठेवलं तर विझर्डचं लक्ष कधी विचलितच होणार नाही. स्ट्रेंथवर ठेवा. काठीने मार खाल्लेला ८ स्ट्रेंथचा विझर्ड मंत्र धरून ठेवू शकत नाही, यात मला काही वावगं दिसत नाही. विझर्ड खेळणाऱ्याला दिसेल.

हा बदल सगळ्यात शेवटी करा. बाकीच्यांनी भागलं तर करूच नका.

करिष्माचं थोडक्यात: १९७४च्या मूळ नियमांत करिष्मावर तुमच्याकडे किती खास अनुचर राहतील हे ठरायचं, १८ असेल तर १२ जण, आणि त्यांची निष्ठाही. ‘बोलून पटवणं’ हे काम टेबलावर जो माणूस बोलका आहे तो तसंही करतोच, फाशाशिवाय. अनुचर ठेवणं, अनोळखी टोळी पहिल्या भेटीत कशी वागते ते ठरवणं, ही कामं करिष्माला परत द्या.

किंमत वाढवून बघितली तर?

डेक्सचा भाव वाढवायचा हा उपाय नेहमी सुचवला जातो. गर्प्स या दुसऱ्या खेळाने तो केलाही आहे. तिसऱ्या आवृत्तीत तिथली चारही अ‍ॅट्रिब्यूट एकाच भावाने मिळत. २००४च्या चौथ्या आवृत्तीत डीएक्स (चपळाई) आणि आयक्यूची (बुद्धी) प्रत्येक पायरी २० पॉइंटची झाली, एसटी (ताकद) आणि एचटीची (तब्येत) १०. तिथे हे चालतं, कारण गर्प्समध्ये अ‍ॅट्रिब्यूट, स्किल आणि खोडी सगळं एकाच थैलीतून विकत घ्यायचं असतं, महाग पडलं तर दुसरीकडे वळायला जागा आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये रोग, मंक, रेंजर यांना डेक्सवाचून गत्यंतर नाही. भाव वाढवलात तर त्यांच्यावर दंड बसतो, आणि ज्याच्यामुळे तक्रार सुरू झाली तो धनुर्धारी फायटर जास्तीचे पॉइंट हसत मोजतो.

‘काय’ऐवजी ‘कसं’ मोजणाऱ्यांसाठी

सहाही अ‍ॅट्रिब्यूट फेकून ‘सावधपणे, हुशारीने, झोकात, जोरात, झटपट, लपूनछपून’ असं काहीतरी घ्यायचं, ही २०१३च्या फेट अ‍ॅक्सिलरेटेडची वाट. तिथे बिघाड नव्या रूपात येतो. ज्याचं ‘झटपट’ मोठं आहे तो दार झटपट फोडतो, राजाला झटपट पटवतो, ग्रंथ झटपट वाचतो. यावर उपाय आकड्यांत नाही, डीएमच्या अधिकारात आहे. २०१७च्या ब्लेड्स इन द डार्कने हे नेटकं बांधलंय: कुठलं कौशल्य वापरायचं ते खेळाडू ठरवतो, पण त्याने किती धोका ओढवेल आणि किती फळ मिळेल ते डीएम ठरवतो. राजाला झटपट पटव ना, पण तो तुझ्या तोंडावर हो म्हणेल आणि संध्याकाळपर्यंत विसरेल. ही किंमत फासे पडायच्या आधी सांगायची. नंतर सांगितली तर फसवणूक वाटते.

आणि ३ ते १८चे आकडे काढून नुसते मॉडिफायर ठेवले तर? पाथफाइंडरने २०२३च्या सुधारित पुस्तकांत तेच केलं. शीट स्वच्छ होते, नव्या खेळाडूला ‘१६ लिहायचे पण ३ मिळवायचे’ हे समजवावं लागत नाही. तोलावर परिणाम काही नाही. फक्त वरची खान्यांची पद्धत पूर्ण आकड्यावर चालते, तेव्हा मॉडिफायरच ठेवणार असाल तर १० अधिक मॉडिफायरच्या दुप्पट एवढे खाने धरा.

चालू कॅम्पेनमध्ये हे घालताना

सगळं एकदम लावू नका. आधी परसेप्शनची जीभ सुधारा, मग ओझ्याचे खाने, मग इनिशिएटिव्ह. धनुष्याला हात लावायच्या आधी टेबलावर जो तिरंदाज आहे त्याच्याशी वेगळं बोला आणि त्याला आकडे नव्याने मांडायची एक संधी द्या. नाही म्हणाला तर त्याचं कॅरेक्टर जुन्या नियमाने चालू दे आणि नवा नियम पुढच्या कॅरेक्टरपासून लावा. एका टेबलावर दोन नियम काही काळ चालतात, रुसलेला खेळाडू चालत नाही.

ऑनलाइन खेळत असाल तर शीट डेक्स आपोआप मिळवते हे लक्षात ठेवा. इनिशिएटिव्ह आणि बाणाची इजा प्रत्येकाच्या शीटवर उघडून बदला, नाहीतर पहिल्याच लढाईत अर्धे लोक जुन्या आकड्यांनी खेळत असतील. बदलांचं एक पान मराठीत लिहून सगळ्यांना पाठवा. पाचव्या आवृत्तीचा मूळ नियमसंच, एसआरडी ५.१, जानेवारी २०२३पासून क्रिएटिव्ह कॉमन्सच्या सीसी-बाय ४.० परवान्याखाली खुला आहे. श्रेय नोंदवून त्यातला मजकूर मराठीत आणायला, बदलायला आणि वाटायला हरकत नाही. पानाच्या वर तारीख घाला. तीन महिन्यांनी ‘आपण ठरवलं काय होतं?’ हा वाद व्हॉट्सअ‍ॅपवर शोधत बसण्यापेक्षा ते बरं पडतं.